एकच प्रत, पाच वाचक: ऐतिहासिक प्रेमकादंबरी आपापसांत फिरवायची कशी?

पानोपानी

पाच मैत्रिणींत एक इंग्रजी ऐतिहासिक प्रेमकादंबरी फिरवायची आहे. प्रत एकच, नवी कोरी, छोट्या आकाराची पेपरबॅक, ४१६ पानी. कथानक १८१४ सालच्या इंग्लंडमधलं. चार भावंडांच्या मालिकेतलं हे तिसरं पुस्तक. आधीची दोन्ही पुस्तकं दोघींनी वाचली आहेत, दोघींनी नाहीत, आणि पाचवीने हा कादंबरीप्रकारच अजून हाती घेतलेला नाही. तिचा वाचनाचा वेगही कमी आहे.

ठरवायचं आहे ते असं: क्रम कसा लावायचा आणि प्रत्येकीला किती दिवस द्यायचे? समासात लिहू द्यायचं का? मागून वाचणारीची मजा न घालवता मधल्या काळात पुस्तकावर बोलायचं कसं? असली पेपरबॅक पाच हातांतून गेली की कणा मोडतो आणि पानं सुटतात, ते कसं टाळायचं? शिवाय दोघींचं म्हणणं आहे की एकीने ई-बुक घ्यावं आणि सगळ्यांना फाइल पाठवावी. तसं चालतं का?

शाईदौत

दिवसांचा हिशेब अंदाजाने करू नका, मोजून करा. ४१६ पानांत शीर्षकपानं, अर्पणपत्रिका, शेवटी लेखिकेची टीप आणि बहुतेक वेळा पुढच्या पुस्तकातलं पहिलं प्रकरणही धरलेलं असतं. मूळ कथा ३९० पानांच्या आसपास भरेल. एका भरगच्च पानावरच्या ओळी मोजा, तीन-चार ओळींतले शब्द मोजून सरासरी काढा. समजा ३४ ओळी आणि ओळीला ९ शब्द, म्हणजे ३०६. संवादांमुळे ओळी अर्ध्यावर तुटतात आणि प्रकरणाच्या आरंभी कोरी जागा असते, म्हणून त्याचे ८० टक्के धरा: साधारण २४५. एकूण सुमारे ९५ हजार शब्द. मिनिटाला २०० शब्दांच्या वेगाने आठ तास. रोज ४० मिनिटं मिळत असतील तर १२ दिवस. वेग १३० असेल तर सव्वाबारा तास, म्हणजे १८-१९ दिवस.

त्यात अडीअडचणीचे चार-पाच दिवस मिळवा. चौघींना प्रत्येकी १६, सावकाश वाचणारीला २४, आणि चार वेळा पुस्तक हातातून हातात जाणार त्याचे प्रत्येकी २. एकूण ९६ दिवस.

क्रम कसाही लावला तरी ९६ दिवस बदलत नाहीत. बदलतं ते एवढंच, की वाचून झालेल्या किती जणी किती काळ नुसत्या थांबतात. सावकाश वाचणारी शेवटी ठेवली तर तिच्या २४ दिवसांत चौघी थांबलेल्या असतात, आणि तोवर पहिलीच्या डोक्यातून निम्मे बारकावे गेलेले असतात. ती दुसरी असेल तर थांबणारी एकच. तिला अगदी पहिली मात्र ठेवू नका. पुस्तक पुढे पाठवण्याआधी थोडी तयारी लागते आणि ती मालिका ठाऊक असलेलीच करू शकते.

म्हणजे क्रम असा: मालिका वाचलेली, मग नवखी, मग मालिका न वाचलेल्या दोघी, शेवटी मालिका वाचलेली दुसरी. याचा आणखी एक फायदा आहे. तिसऱ्या क्रमांकाच्या मैत्रिणीला पुस्तक मिळेपर्यंत ४४ दिवस जातात, चौथीला ६२. तेवढ्यात मालिकेतली पहिली दोन पुस्तकं त्या दोघींमध्ये आरामात फिरतात. भावंडांच्या मालिकेत तिसरं पुस्तक आधी वाचलं की थोरल्या दोघांची लग्नं कुणाशी झाली हे पहिल्या मेजवानीच्या प्रसंगातच कळतं, आणि मग मागची पुस्तकं वाचण्यातली निम्मी गोडी जाते.

कडेची_नोंद

गोष्ट फुटण्याबद्दल लिहिते, कारण या प्रकारात ती वेगळ्या जागी फुटते.

शेवट इथे गुपित नसतोच. प्रेमकादंबरी म्हणून जे छापलं जातं त्यात दोघं एकत्र येणार आणि शेवट समाधानाचा होणार, हे वाचणारी गृहीत धरूनच बसते. जपायचं असतं ते ‘कसं’. मागणी कोण घालतं, लग्न आधी की प्रेम आधी, कोणाचं गुपित कोणाला कधी कळतं, आणि मधे नातं तुटतं ते कशामुळे. ही तुटण्याची जागा साधारण तीन चतुर्थांश पुस्तक झाल्यावर येते, म्हणजे तुमच्या पुस्तकात पान २९० ते ३१० च्या दरम्यान कुठेतरी. त्या पानांबद्दल ‘तिथवर पोचलीस की सांग’ एवढं म्हटलं तरी पुढची सावध होऊन वाचते आणि धक्का निघून जातो. त्यामुळे बोलायचे थांबे आधीच ठरवून ठेवा, प्रकरणांच्या क्रमांकावर: साधारण पहिला चतुर्थांश, निम्मं पुस्तक, आणि मग थेट शेवट. तीन चतुर्थांशावरचा थांबा मुद्दाम नको.

दुसरी गोष्ट म्हणजे पुस्तक स्वतःच गोष्ट फोडतं. मैत्रिणी परवडल्या! पहिल्या वाचकाने या जागा तपासाव्यात:

सुरुवातीचा वंशवृक्ष. त्यात कोणाचं कोणाशी लग्न झालं हे आडव्या रेघेने दाखवलेलं असतं, कधी मुलांच्या नावांसकट. लेखिकेची टीप. खरी घटना कुठली आणि कल्पित कुठली हे सांगताना ती कथेतलं रहस्य उघड करते, म्हणून तिची जागा शेवटी असते, पण उत्सुक वाचक आधी तीच उघडतो. पुढच्या पुस्तकातलं प्रकरण. त्यात या पुस्तकातलं जोडपं संसाराला लागलेलं दिसतं. आणि मलपृष्ठावरचा मजकूर, जो बहुधा पहिल्या तृतीयांशातली सगळी वळणं सांगून टाकतो.

वंशवृक्षाच्या पानाभोवती चार सेंटिमीटर रुंद कागदाची सैल पट्टी गुंडाळून तिची टोकं एकमेकांना चिकटवा, पानाला नव्हे. मागच्या पानांच्या गठ्ठ्यालाही तसंच. धातूची चिमटी किंवा टाचणी नको, पानावर वळ उठतो आणि ओल लागली तर गंजाचा डाग पडतो. मलपृष्ठ बाहेरून कागदी कव्हर घातलं की आपोआप झाकलं जातं.

त्या मागच्या पट्टीवर ‘कथा पान अमुकला संपते’ हेही लिहा. अंगठ्याखाली २५ पानं जाणवत असताना गोष्ट अचानक संपते तेव्हा वाचणारीला शेवट तुटक वाटतो. प्रत्यक्षात तो तुटक नसतो, तिच्या मनाने अजून एक प्रकरण धरलेलं असतं एवढंच.

समासात लिहिण्याला माझा विरोध आहे. ‘इथे तो खोटं बोलतोय’ असं पहिलीने लिहिलं की उरलेल्या चौघींना तो प्रसंग स्वतःच्या डोळ्यांनी वाचता येत नाही. त्याऐवजी सात बाय बारा सेंटिमीटरच्या कागदी चिठ्ठ्या वापरा. वरच्या ओळीत ‘प्रकरण १४ नंतर उघड’, खाली पान, परिच्छेद आणि मग म्हणणं. प्रत्येकीचं एक पाकीट. पाकिटं पुस्तकाच्या पिशवीत ठेवा, पुस्तकात नाही. तीस चिठ्ठ्या एका जागी अडकवल्या तर तिथे तीन मिलिमीटरची पाचर बसते आणि कणा नेमका तिथेच फाकतो.

रंगपेन्सिल

वरचा प्रतिसाद पटला, पण समासाबद्दल पूर्ण नाही. मैत्रिणींत फिरलेल्या पुस्तकाच्या कडेला पाच जणींचं बोलणं साठणं ही या पद्धतीची सगळ्यात मोठी कमाई आहे. चिठ्ठ्या दोन वर्षांत हरवतात, समास पुस्तकाबरोबर राहतो. अडचण आहे ती पहिल्या वाचनाची, तेवढी सोडवली की झालं.

पहिल्या फेरीत समासात शब्द लिहायचाच नाही. फक्त ओळीच्या शेजारी उभी बारीक रेघ किंवा ठिपका, प्रत्येकीची खूण वेगळी. खूण काहीच सांगत नाही, फक्त ‘इथे कोणीतरी थबकलं’ एवढंच कळतं. पाचवीचं वाचून झालं की पुस्तक उलट्या क्रमाने परत निघतं, आणि तेव्हा जिला जे लिहायचं ते लिहावं. दुसऱ्या फेरीला प्रत्येकीला चार-पाच दिवस पुरतात, कारण आपल्या आणि इतरांच्या खुणा पाहायच्या असतात, पुस्तक नव्याने वाचायचं नसतं.

लिहायला मऊ शिशाची पेन्सिल, २बी. एचबी दाबून लिहिली की असल्या खरखरीत, भुसभुशीत कागदावर खाच पडते आणि खोडलं तरी ती मागच्या पानावर उमटलेली राहते. शाईचं पेन आणि हायलायटर दोन्ही नको, कागद शाई शोषून पलीकडे पाझरवतो. रंगीत पेन्सिलीत मेण असतं, ती नीट खोडली जात नाही, त्यामुळे रंग वापरायचे तर कायमचे समजूनच. चिकटणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या सोयीच्या वाटतात, पण त्यांचा गोंद सूक्ष्म थराने पानावर राहतो, त्यावर धूळ बसते आणि काही महिने तशाच ठेवल्या तर काढताना कागदाचे तंतू उपटून येतात.

प्रत ज्या मैत्रिणीची आहे तिचा होकार मात्र पहिल्या दिवशीच घ्या. तिला कोरी प्रत हवी असेल तर हा विषय तिथेच संपला.

खळ_आणि_दोरा

कणा का मोडतो ते आधी समजून घ्या, म्हणजे काय टाळायचं ते वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. या बांधणीत दोरा नसतो. पानांचा गठ्ठा कण्याच्या बाजूने कापून खरखरीत करतात आणि त्यावर वितळवलेला गोंद देऊन मुखपृष्ठ बसवतात. तुमच्या ४१६ पानांचे २०८ सुटे कागद फक्त त्या गोंदाच्या थरावर उभे आहेत. थर थंडीत आणि जुना झाल्यावर ठिसूळ होतो. पुस्तक एकाच जागी सपाट उघडलं की तिथे थराला चीर जाते, पुढच्या वेळी पुस्तक आपसूक तिथेच उघडतं, चीर वाढते आणि मग दोन्ही बाजूंची पानं सुटायला लागतात. पाच वाचकांत हे हमखास होतं, कारण प्रत्येकीची धरायची सवय निराळी असते.

म्हणून वाचायला घेण्याआधी पहिलीने पुस्तक मोकळं करावं. कणा टेबलावर टेकवून पुस्तक उभं धरा. पुढचं मुखपृष्ठ हलकेच खाली न्या, मग मागचं. आता पुढून दहा-बारा कागद, मागून दहा-बारा कागद, असे आलटून पालटून खाली सोडत जा आणि प्रत्येक वेळी कण्यालगतच्या घळीतून बोट वरून खाली हलकं फिरवा. मध्यापर्यंत पोचायला दोन्ही बाजूंनी नऊ-दहा वेळा करावं लागेल. जोर लावायचा नाही. यामुळे ताण एका जागी न येता सगळ्या कण्यावर वाटला जातो. पुस्तक थंड जागेतून आणलं असेल तर खोलीत दोन तास राहू द्या, मग हे करा.

वाचताना ९० ते १०० अंशांपलीकडे उघडू नका. पालथं घालून ठेवणं, मुखपृष्ठ मागे दुमडून एका हातात धरणं, आत पेन्सिल ठेवून मिटणं, या तीन गोष्टींनी पुस्तकं मरतात. पानाचा कोपरा दुमडला की तंतू तुटतात, सरळ केला तरी तुटलेले जोडले जात नाहीत, आणि असला कागद दोन-तीनदा दुमडल्यावर कोपरा गळून पडतो. पाच जणींसाठी पाच खूणपट्ट्या करा, साध्या कागदाच्या.

कव्हर: मागे गोंद असलेलं पारदर्शक प्लास्टिक लावू नका. एकदा बसलं की निघत नाही, काढायला गेलं तर मुखपृष्ठाची छपाई घेऊन येतं, आणि काळाने आक्रसून पुठ्ठा वळवतं. मजबूत साधा कागद किंवा गोंद नसलेली पॉलिएस्टरची पातळ फिल्म घ्या. पुस्तक साडेसतरा बाय साडेदहा सेंटिमीटर आणि कणा सुमारे पावणेतीनचा असेल तर फिल्मची लांबी ३६ सेंटिमीटर लागेल: दोन बाजू, कणा आणि दोन्हीकडे सहा-सहा सेंटिमीटरची आतली घडी. कागदाचं कव्हर असेल तर वर-खाली तीन-तीन सेंटिमीटर जादा धरून आत दुमडा. घड्या पुस्तक मिटलेलं असताना पाडा. उघडं ठेवून बेतलेलं कव्हर मिटताना तंग होतं आणि मुखपृष्ठालाच कण्यापासून ओढतं.

ने-आण करताना झिप असलेली पिशवी, आणि पुस्तकाच्या दोन्ही अंगांना पुठ्ठ्याचे तुकडे. टपालाने पाठवायचं तर पुठ्ठे चारी बाजूंनी एकेक सेंटिमीटर मोठे हवेत, म्हणजे आपटलं तर मार पुठ्ठ्याच्या कोपऱ्याला बसतो, पुस्तकाच्या नाही. प्लास्टिक आत, पुठ्ठा बाहेर.

पाण्याबद्दल. भिजलं तर ४८ तासांच्या आत वाळायला लागलं पाहिजे, नाहीतर बुरशी धरते. उभं करून पानं पंख्यासारखी पसरा, दर पंधरा-वीस कागदांत टिपकागद किंवा छपाई नसलेला पातळ टिश्यू घाला, तो ओला झाला की बदला. पंखा खोलीत फिरू द्या, थेट पुस्तकावर नको. केस वाळवायचं यंत्र आणि ऊन दोन्हींनी पानं वेडीवाकडी वाळतात. लगेच वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा, बुरशी थांबते आणि सवडीने वाळवता येतं. एरवी ठेवायच्या जागेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असावी. आणि ऊन नको: या कागदात लाकडातलं लिग्निन तसंच राहिलेलं असतं, उजेडाने तो पिवळा आणि ठिसूळ होतो.

बग्गीचा_वेग

नवख्या मैत्रिणीसाठी पहिलीने दोन पानांचं टिपण करून पुस्तकाबरोबर द्यावं. कथेबद्दल काही नाही, फक्त त्या काळचे नियम. ऐतिहासिक प्रेमकादंबरीत पेच हा स्वभावाइतकाच कायद्यामुळे पडतो, आणि कायदा माहीत नसला की ‘मग ते सरळ पळून का जात नाहीत?’ असं वाटत राहतं. १८१४ साठी पुढचं पुरेल.

लग्न. इंग्लंडमध्ये १७५४ पासून लागू झालेल्या कायद्याने चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारावी लागत किंवा परवाना काढावा लागे. वय २१ च्या आत असेल तर परवान्यासाठी बापाची किंवा पालकाची संमती लागे, आणि पुकारा केला तर पालक तिथे हरकत घेऊ शकत. लग्न सकाळी, दुपारी बाराच्या आत, चर्चमध्येच. कुठेही आणि कधीही लग्न लावायचा खास परवाना फक्त कँटरबरीच्या आर्चबिशपकडून मिळे. कादंबऱ्यांत तो सर्रास दिसतो, खऱ्या आयुष्यात क्वचित निघे. स्कॉटलंडला हा कायदा लागू नव्हता. तिथे साक्षीदारांसमोर दोघांनी होकार दिला की लग्न झालं. म्हणून पळालेली जोडपी सीमेवरच्या ग्रेटना ग्रीनला जात. लंडनहून पाचशे किलोमीटरच्या वर अंतर, मुक्काम करत गेलं तर तीन-चार दिवस. एवढ्या प्रवासात मुलीची अब्रू गेलेलीच असे, लग्न होवो न होवो. पाठलागाच्या प्रकरणांतली सगळी घाई यातून येते.

पैसा. लग्नानंतर बायकोची रोकड आणि जंगम मालमत्ता नवऱ्याची होई. १८८२ च्या कायद्यापर्यंत हे मोठ्या प्रमाणावर तसंच होतं. श्रीमंत घरं लग्नाआधी करारनामा करून मुलीसाठी रक्कम बांधून घेत. वकिलांच्या भेटीची कंटाळवाणी वाटणारी प्रकरणं त्यासाठी असतात, ती गाळू नयेत. नायिका वारसदार असेल तर पळवून नेणाऱ्याचा हेतू तिथेच कळतो.

मोडलेलं लग्न. घटस्फोट घेऊन पुन्हा लग्न करायचं तर १८५७ च्या कायद्याआधी संसदेतून खाजगी कायदा करून घ्यावा लागे. तो अतिशय खर्चिक आणि जाहीर बदनामीचा मार्ग होता. ठरलेलं लग्न मुलगी मोडू शके. पुरुषाने मोडलं तर त्याच्यावर वचनभंगाचा दावा होई. त्यामुळे नायक नकोशा वाग्दत्त वधूत अडकतो तेव्हा तो भित्रा नसतो, खरंच अडकलेला असतो.

नावं. उतरत्या क्रमाने ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट, बॅरन. बॅरोनेट ‘सर’ असला तरी या उमरावांत मोडत नाही. एकाच माणसाला तीन नावं असतात: पाळण्यातलं, आडनाव आणि उमरावपदाचं. आई एकाने हाक मारते, मित्र दुसऱ्याने, नोकर तिसऱ्याने. नवखीचा गोंधळ सगळ्यात जास्त इथे होतो. टिपणात पात्रांची यादी करा, प्रत्येकापुढे तिन्ही नावं आणि ‘कोण कशाने हाक मारतं’. नातं लिहिताना पहिल्या तीन प्रकरणांत जे उघड आहे तेवढंच. विवाहबाह्य मुलाला उमरावपद मिळत नसे, आईबापांनी पुढे लग्न केलं तरीही.

पत्रं. १८४० पर्यंत टपालखर्च सहसा पत्र घेणाऱ्याने द्यायचा, अंतर आणि कागदांच्या संख्येवर. पाकीट वापरलं तर तो दुसरा कागद मोजला जाई, म्हणून पत्र स्वतःवरच घडी घालून मोहरबंद करत, आणि जागा पुरवायला लिहिलेल्या ओळींवर आडव्या ओळी लिहीत. संसद सदस्य आणि उमराव सही करून पत्र फुकट पाठवू शकत. लग्न न ठरलेल्या मुलीने परपुरुषाशी पत्रव्यवहार केला तर लग्न ठरल्याचा अर्थ निघे. एवढं कळलं की साध्या चिठ्ठीच्या प्रसंगाला वजन येतं.

आणि साल. १८११ ते १८२० या काळात राजाच्या वतीने युवराज कारभार पाहत होता. १८१४ च्या फेब्रुवारीत थेम्स गोठून तिच्यावर जत्रा भरली, ती तशी शेवटची. एप्रिलमध्ये नेपोलियनने पदत्याग केला, जूनमध्ये दोस्त राजे लंडनला आले. पात्रांना वाटतं युद्ध संपलं. वाचणारीला माहीत हवं की मार्च १८१५ मध्ये नेपोलियन परत येतो आणि १८ जूनला वॉटर्लूची लढाई होते. नायक सैन्यातला असेल तर त्याच्या निवांत बोलण्यात हा इतिहास ठाऊक असलेल्या वाचकाला जी धास्ती जाणवेल ती नवखीलाही जाणवते. टिपणात ही एक ओळ असावीच.

पाटीपुस्तक

ई-बुकचं थोडक्यात. कागदी प्रत विकत घेतली की ती वस्तू तुमची, ती उसनी देणं बहुतेक देशांत कायदेशीर आहे. ई-बुक विकत घेताना बहुधा प्रत मिळत नाही, वाचायचा परवाना मिळतो, तोही एका खात्यापुरता. फाइल पाठवली की नवी प्रत तयार होते आणि ती लेखिकेच्या हक्काचा भंग ठरते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१९ मध्ये ई-बुकांच्या पुनर्विक्रीबद्दल हाच निकाल दिला: कागदी पुस्तकाचा नियम त्यांना लागू नाही. नक्कल रोखण्यासाठी फाइलला घातलेलं डिजिटल कुलूप तोडून ती फिरवणं तर अनेक देशांत वेगळा गुन्हा आहे. कागदी पुस्तक स्कॅन करून पाठवणंही त्याच रांगेतलं.

चालणारे मार्ग: खातं एकाच घरातल्या माणसांत वाटायची सोय काही सेवा देतात, तिच्या अटी वाचून. किंवा वाचनालयाच्या ॲपवरून प्रत्येकीने आपापल्या नावाने उसनं घेणं. लोकप्रिय पुस्तकाला तिथे रांग असते, पण पाचही जणींनी एकाच दिवशी नाव नोंदवलं तर प्रती थोड्याफार अंतराने मिळतात. जुन्या, हक्कमुक्त कादंबऱ्यांना काहीच अडसर नाही. बर्न करारानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान ५० वर्षं हक्क राहतो, अनेक देशांत ७०. तुमची कादंबरी हल्लीची दिसते, ती यात बसत नाही.

पानोपानी

सगळ्यांचे आभार. ९६ दिवसांचा क्रम आणि चिठ्ठ्या-पाकिटांची पद्धत पक्की केली. समासात ठिपके चालतील असं प्रतीच्या मालकिणीने सांगितलं आहे, शब्द नकोत.

दोन प्रश्न उरले. एक, कथेत अपत्याचा मृत्यू आणि जबरदस्तीचा एक प्रसंग आहे असं समजतं. हे आधी सांगायचं की गोष्ट फुटते म्हणून गप्प बसायचं? दुसरा, प्रत नीट पाहिली तर पान २०७-२०८ वरच्या बाजूने कण्यापासून सुटत आलं आहे. चिकटपट्टी लावू का?

कडेची_नोंद

सांगायचंच. ज्यांना नको त्यांच्यासाठी बंद पाकिटात: विषय, प्रकरण, पानं, आणि ती पानं गाळली तर कथेतलं काय निसटतं ते एका वाक्यात. उदाहरणार्थ ‘पान २३० ते २३६ गाळता येतील, २३६ च्या शेवटच्या परिच्छेदात एक पत्र येतं तेवढं वाचावं.’ पाकिटावर बाहेर फक्त ‘कठीण प्रसंग, हवं तर उघड’. कोणाबाबतीत घडतं ते आतही लिहू नका, विषय आणि पानं पुरतात. शारीरिक प्रसंग किती मोकळेपणाने लिहिलेत हेही त्यात असावं: दार बंद होताच प्रकरण संपतं, की आतलं सगळं येतं. १९७० आणि ८० च्या दशकांतल्या या प्रकारच्या अनेक कादंबऱ्यांत नायकच जबरदस्ती करतो आणि कथा ते प्रेम म्हणून मांडते. पुस्तक त्या काळातलं असेल तर पहिल्या प्रकाशनाचं साल पाकिटावर घालाच, नवखीला काय अपेक्षा धरायची ते कळेल.

खळ_आणि_दोरा

चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन पाझरतो आणि शेजारची पानंही चिकटवतो. शिवाय पट्टी पानापेक्षा ताठ असते, मग पान तिच्या कडेला तुटतं.

प्रत नवी आहे, तेव्हा आधी बदलून मिळते का ते पाहा. बांधणीतला दोष हे बदलून मागायला रास्त कारण आहे, आणि बदलून आणायची तर कव्हर घालण्याआधी, पेन्सिल टेकवण्याआधी.

बदलून मिळत नसेल तर पुस्तक मोकळं करण्याआधी ही दुरुस्ती करा. अर्धवट सुटलेलं पान ओढून काढू नका. पुस्तक त्या पानाशी ६०-७० अंश उघडा. पुस्तकबांधणीत वापरतात तो पांढरा, वाळल्यावर लवचिक राहणारा पीव्हीए गोंद घ्या. आम्लरहित मिळाला तर उत्तम. झटकन चिकटणारा गोंद नको, तो काचेसारखा कडक होतो. सुटलेल्या कडेला अडीच-तीन मिलिमीटरची जागा सोडून बाकी पानावर एक सरळ कागद झाका, आणि उघड्या पट्टीवर बारीक ब्रशने अगदी पातळ थर द्या. गोंद जास्त झाला तर मिटल्यावर तो घळीत पसरतो आणि शेजारची तीन-चार पानं एकत्र बांधतो. पान कण्यात पूर्ण आत सरकवा, बाहेरची कड इतर पानांशी जुळते का पाहा. एक मिलिमीटरही बाहेर राहिली तर पानं चाळताना तेच पान पुन्हा पुन्हा ओढलं जाईल. दोन्ही बाजूंना मेणकागदाची पट्टी घळीपर्यंत घाला, पुस्तक मिटा, वर दोन जाड पुस्तकांचं वजन ठेवा. २४ तास. मेणकागद काढा, आणि मग पुस्तक मोकळं करायला घ्या, पण त्या पानाच्या अलीकडे-पलीकडे दहा कागद सोडून.